उठलीच आहेस तर

लवकर उठणाऱ्या माणसांशी माझं कधी जमलेलं नाही. उठतात तर उठोत बापडे, पण मग दिवसभर दुसऱ्याला ऐकवतात कशाला? उशिरा उठणारा माणूस कधी कुणाच्या दारात जाऊन सांगत नाही की मी आज उन्हं वर आल्यावर उठलो, तुम्हीही उठून बघा, फार बरं वाटतं.

आमच्या घरातले लवकर उठणारे म्हणजे माझे सासरे. शाळेत ड्रिलमास्तर होते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण शिट्टी अजून त्यांच्या पलंगाशेजारच्या खिळ्याला टांगलेली आहे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. म्हणजे घर आमचं, पण राहतो आम्हीच त्यांच्याकडे राहिल्यासारखे. सकाळी मी विस्कटलेल्या केसांनी, एका हातात मोठीची अर्धी वेणी आणि दुसऱ्या हातात धाकट्याची चड्डी धरून बाहेर यायची, तेव्हा हे आंघोळ करून, कवळी लावून, भांग पाडून खुर्चीत ताठ बसलेले असायचे. मला बघून म्हणायचे, "लवकर निजे, लवकर उठे..." पुढचं म्हणायचे नाहीत. पुढचं मी समजून घ्यायचं.

त्यातलं 'लवकर निजे' कसं साधतं ते मला पक्कं माहीत होतं. जेवण झालं की ताटावरून उठायचं आणि आडवं व्हायचं. मागे ताटं उचलायला, भांडी घासायला, मुलांना थोपटायला, उद्याच्या डब्याचं बघायला कुणीतरी उशिरा निजणारं लागतं, हे त्या ओळीत कुठेच नाही.

तरीही एक दिवस मी ठरवलं की लवकर उठायचं. ज्ञान नको होतं, आरोग्य नको होतं, संपत्ती तर कोण देतंय. मला फक्त एक तास हवा होता, ज्यात कुणी मला हाक मारणार नाही.

मी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला आहे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून प्लास्टरचा साचा होतो, साच्यावर मेणात दात बसवतात आणि मग त्याची पक्की कवळी होते. दात बसवतात ते वरच्या टेबलावरचे लोक. मी खाली, पॉलिशच्या मशीनवर. दुसऱ्यांनी केलेल्या कवळ्या दिवसभर फिरत्या ब्रशवर धरायच्या आणि त्यांचा भुगा नाकातोंडात घ्यायचा. तोंडाला फडकं बांधलं तरी घरी येऊन शिंकरल्यावर रुमाल गुलाबी. खोकला तर असा चिकटला होता की डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण आधी ते मशीन सोडा.

मशीन सोडायची संधी आली होती. दात बसवणारा जुना कारागीर गावी परत चालला होता. त्याचं टेबल वरच्या कामाची परीक्षा पास होईल त्याला मिळणार होतं. परीक्षेला आम्ही दोघं: मी आणि मालकांचा भाचा. परीक्षा म्हणजे एक नमुना. बिनदाती तोंडाच्या साच्यावर वरचे-खालचे सगळे दात स्वतःच्या हाताने मेणात बसवायचे आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकापुढे ठेवायचे. भाच्याला मालकांनी दुपारभर लॅबचं टेबल मोकळं करून दिलं. मला म्हणाले, "तुम्ही आपलं घरी करा. कामाच्या वेळेत नको."

घरी म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी माझ्या घरात मेणाला हात लावणं शक्य नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी धाकट्याने एक दाढ नाकात घालून बघितली आणि ती बाहेर काढेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. नमुना बिघडला तर टेबल भाच्याचं, आणि टेबल एकदा भाच्याचं झालं की मी आणि तो गुलाबी भुगा, जन्माची गाठ. म्हणून पहाट.

पहिल्या दिवशी गजर उशीखाली ठेवून झोपले, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाऊ नये. तो वाजायच्या आधीच जाग आली. अंधारात चाचपडत, श्वास धरून, मुलांच्या पायांवरून पाय टाकत बाहेर आले. घर माझं होतं. एवढं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. आणि स्वयंपाकघरात दिवा चालू!

सासरे दाराकडे पाठ करून टेबलाशी बसले होते. कपावर पार वाकलेले. मी नुसतं "बाबा" म्हटलं, तर चोरी करताना पकडल्यासारखे दचकले. खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला आणि दुसऱ्या हाताने मला बाहेर जायची खूण केली. मी दारातच उभी. ते भिंतीकडे तोंड करून काहीतरी खाटखूट करत राहिले. वळले ते नेहमीसारखे ताठ.

"एवढ्या पहाटे काय काम आहे?"

"परीक्षेचं काम आहे. टेबल लागेल मला."

"या वेळी इथे मी असतो."

"तुम्ही असा की. टेबल मोठं आहे."

"मला सकाळी शांतता लागते."

"मलाही."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की शाळेतली पोरं चळाचळा का कापायची ते मला समजलं. मग कप पुढे सरकवला. "उठलीच आहेस तर चहा टाक."

त्या तीन शब्दांनी माझी पहाट खाल्ली. 'उठलीच आहेस तर.' जणू मी लवकर उठले ती माझ्या कामासाठी नाही, चुकून जाग आली म्हणून. आणि आता जागी आहेच तर वाया का घालवा! चहा झाला. मग त्यांना पाणी गरम हवं होतं. मग नवरा उठला. माझा नवरा बसच्या ऑफिसात वेळापत्रकं लावतो. शहरभरच्या बसेस वेळेवर सोडतो, पण स्वतःचा शर्ट त्याला आजवर वेळेवर सापडलेला नाही. तो दारात उभा राहून जांभई देत म्हणाला, "अरे वा, उठलीस? उठलीच आहेस तर माझा निळा शर्ट फिरवून टाकतेस का?" मोठी म्हणाली, "आई, तू उठलीच आहेस तर मला चित्र काढून दे." तासाभरात मी एक दात बसवला, तोही तिरका.

दुसऱ्या दिवशी मी आणखी लवकर उठले. ते तिसऱ्या दिवशी माझ्याही आधी. मी त्याच्याही आधी. कुणी काही बोललं नाही, पण आमची लढाई जुंपली होती. मी उठून गेले की टेबलावर त्यांचा रेडिओ, त्यांचा टॉवेल, त्यांचा पाण्याचा तांब्या असं सगळं मांडून ठेवलेलं, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तसं. मी ते उचलून खिडकीत ठेवायची. ते येऊन पुन्हा टेबलावर ठेवायचे. मी अर्ध्या टेबलावर प्लास्टरचा साचा, स्पिरिटचा दिवा आणि मेणाची सुरी मांडली, की ते उरलेल्या अर्ध्यावर पेपर एवढा पसरायचे की त्याची कडा माझ्या दिव्याला लागेल. आणि मी काम करते आहे तोवर त्यांनी तोंडात घास म्हणून घातला नाही. समोर पाव पडलेला, चहा गार होतोय, आणि हे माझ्याकडे बघत बसलेले. मला वाटायचं, उपाशी राहून मला लाजवतायत.

"तुझं कधी संपणार हे?" एकदा त्यांनी विचारलं.

"तुमचं कधी संपणार?" मी म्हटलं. सासऱ्यांशी असं बोलायचं नसतं, हे मला कळतं. पण पहाटे मला कमी कळतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिट्टी वाजवली. मी नुकती वरची समोरची ओळ धरली होती, हात स्थिर, मेण हवं तेवढं मऊ, आणि यांनी दारात उभं राहून शाळेच्या मैदानात वाजवायचे तशी शिट्टी फुंकली. दोन्ही मुलं किंचाळत उठली. "मुलांना सवय लागायला हवी," ते म्हणाले. "आईच्या पावलावर पाऊल ठेवून तीही लवकर उठतील." मी दातओठ खात दोघांना दूध दिलं. रात्री नवऱ्याला म्हटलं, तुझ्या वडिलांना सांग. तो म्हणाला, "अगं, त्यांचं वय झालंय. आणि खरं सांगू? तू लवकर उठायला लागल्यापासून घर कसं वेळेवर चाललंय." त्या रात्री मी त्याच्याकडे पाठ करून झोपले.

त्यातच मेण कमी व्हायला लागलं.

गुलाबी मेणाच्या पातळ पट्ट्या असतात, चॉकलेटच्या वडीसारख्या, डब्यात एकावर एक. मी मोजून वापरत नव्हते, पण हाताला कळतं. रोज सकाळी डबा आदल्या दिवशीपेक्षा हलका. स्पिरिटच्या दिव्याची वातही मी ठेवली त्याहून जास्त जळलेली. एकदा चहाच्या चमच्याला मागून काजळी. मी आधी नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "मी मेणाचं काय करू?" खरंच होतं, त्याला घरातली कुठलीही वस्तू सापडत नाही. मग राहिला धाकटा. त्याने आधी एकदा माझ्या मेणाचा साप करून पलंगाखाली सोडला होता, आणि दाढेचा गुन्हा तर ताजाच होता.

"मी नाही घेतलं," तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस."

"नाही घेतलं!"

मी त्याला धपाटा घातला. लागेल असा. तो रडत आजोबांकडे गेला, आणि सासरे त्याच्या डोक्यावर हात ठेवून काही न बोलता बसून राहिले. एरवी नातवंडांना कुणी हात लावला तर घर डोक्यावर घेणारा माणूस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी रागात होते, आणि रागात मला फक्त माझाच आवाज ऐकू येतो. मेणाचा डबा मी आमच्या खोलीतल्या कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

नमुना मात्र स्वयंपाकघरातच, फळीवर सगळ्यात वर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तिथे गार असतं आणि मुलांचा हात पोचत नाही.

रविवारी काम संपलं. शेवटची पट्टी वापरून मी मागच्या दाढा पक्क्या केल्या, हिरड्या कोरल्या, रेशमी कापडाने मेण चमकवलं. सुरेख झाला होता नमुना. मी सहसा माझ्या कामाला सुरेख म्हणत नाही, कारण दिवसभर मी दुसऱ्यांचं काम चमकवते. हा माझा होता. वरचा जबडा खालच्यावर ठेवला की दोन्ही बाजूंच्या दाढा एकमेकींत अशा बसत होत्या, जुन्या मैत्रिणी गप्पा मारायला बसतात तशा. मी डबा फळीवर ठेवला आणि धाकट्याला विनाकारण मिठी मारली.

सोमवारी परीक्षक लॅब उघडताच येणार होता. नमुना आल्या आल्या टेबलावर ठेवायचा, नंतर हात लावायचा नाही. मी पहाटे उठले, नुसता एकदा बघायला. सासरे टेबलाशी होतेच, ताठ, कवळी लावलेली, पेपर समोर. मी त्यांच्याकडे न बघता डबा काढला आणि उघडला.

वरची शेवटची दाढ सुटून डब्याच्या तळाशी पडली होती. तिच्या पुढची कलंडलेली. मागच्या बाजूचं मेण खरवडून नेलेलं, दोन्हीकडून, चमच्याने श्रीखंडाचं पातेलं पुसावं तसं. पुढचे दात मात्र जसेच्या तसे हसत होते.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण नवरा धावत आला, मोठी आली, धाकटा डोळे चोळत आला, आणि मी सरळ त्याचा दंड धरला. "तूच ना? सांग, तूच ना?" तो भोकाड पसरून रडायला लागला. नवरा म्हणाला, "अगं, मेणच तर आहे ते. सकाळी सकाळी कशाला..." मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "तुम्ही एक शब्द बोलू नका." मी त्याला अहो-जाहो करते ती फक्त रागात. 

"त्याला सोड," सासरे म्हणाले. "मी घेतलं."

मी धाकट्याचा दंड सोडला.

"मागून घेतलं," ते म्हणाले, सवयीने ताठ बसून. "पुढून काही दिसत नाही. मी बघूनच घेतलं. तपासणीला साहेब पहिली रांग बघतात. मी आयुष्यभर वेडीवाकडी पोरं मागच्या रांगेत उभी केली, कधी एक शेरा आला नाही."

एवढी वर्षं मी त्या माणसाच्या शिस्तीखाली वाकत होते, आणि ती शिस्त ही अशी होती.

"माझे साहेब आधी मागची रांगच बघतात, बाबा," मी म्हटलं. "माणूस मागच्या दातांनी चावतो. पुढचे नुसते हसायला असतात."

त्यांनी समोरच्या पेपरची घडी घातली.

"कशाला हवं होतं मेण? मला त्रास द्यायला? मी लवकर उठते म्हणून? तुमची पहाट घेतली म्हणून?"

त्यांनी टॉवेल उचलला. भिंतीकडे वळायला लागले, पहिल्या दिवशी वळले होते तसे. मग काय वाटलं कोण जाणे, वळलेच नाहीत. सगळ्यांसमोर त्यांनी दोन्ही कवळ्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

त्यांचा चेहरा आत गेला. हनुवटी नाकाजवळ आली, ओठ कुठे होते ते कळेना. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी कवळी उलटी केली. आतून माझं मेण थापलेलं होतं, थरावर थर, अंगठ्याने दाबलेलं, त्यात पावाचे कण. एका कडेला रक्ताचा डाग.

"टोचते," ते म्हणाले. दातांशिवाय शब्द हवेत विरत होते. "हलते. तुझी सासू होती तेव्हा नीट बसायची. मग मी वाळलो."

"मग सांगितलं का नाही? घरात मी आहे ना! दिवसभर दुसरं काय करते मी?"

"तुलाच काय सांगायचं?" ते म्हणाले. "एवढी वर्षं तुला शिस्त शिकवली. आता तुझ्यापुढे आ करून बसू?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शहरभरच्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या मी घासत होते, आणि माझ्या घरातला म्हातारा पहाटे उठून, दात काढून, चहात पाव भिजवून, कुणी बघायच्या आत पोट भरून घेत होता. दिवसा आमच्याबरोबर जेवायला बसला की घास गिळायचा आणि म्हणायचा, भूक नाही. मी त्याची ती पहाट घेतली होती, वर तो उपाशी बसून मला लाजवतोय असं मला वाटत होतं. मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि तोही मी त्यांच्यावरच काढला.

"हे मेण मला हवंय," मी म्हटलं. "घरात दुसरं नाही. दुकान उघडेपर्यंत परीक्षक येऊन गेलेला असेल."

"मग मी?"

"तुम्ही बसा असेच."

एखादा दुसरा माणूस उठून खोलीत गेला असता आणि दार लावून घेतलं असतं. तेही जातील असं मला वाटलं. गेले नाहीत. तिथेच बसले. मोठी जवळ येऊन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं तोंड लहान झालं." त्यांनी मान हलवली. नवरा बापाकडे बघेना. तो सिंकमधल्या भांड्यांकडे बघत होता, जणू ती त्याला आजच दिसली.

उकळत्या पाण्यात कवळी घातली तर वाकडी होते, म्हणून मी पाणी कोमट केलं, मेण मऊ करून सुरीने सोडवलं, चमच्यात घेऊन दिव्यावर वितळवलं, फडक्यातून गाळलं. चहाचा वास गेला नाही. एका हातात दिवा, एका हातात सुरी, साचा कोण धरणार? नवरा पुढे झाला.

"तुम्ही नको. तुम्ही डबे भरा."

"डब्यात काय..."

"जे सापडेल ते."

सासऱ्यांनी न विचारता हात पुढे केला आणि साचा धरला. माणूस कसाही असो, हात दगडासारखा स्थिर. मी थेंब थेंब मेण सोडत गेले. दाढ उभी केली, दाबली, पुन्हा सोडलं, कोरलं. एक चटका त्यांच्या बोटाला बसला. त्यांनी बोट हलवलं नाही, मी सॉरी म्हटलं नाही.  मागे धाकटा हुंदके देत होता. शेवटची दाढ बसल्यावर मी खाली बसून त्याला म्हटलं, "माझं चुकलं. तू घेतलं नव्हतंस."

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला. त्याने मला लगेच माफ केलं नाही. बरोबरच होतं त्याचं.

परीक्षकाने नमुना हातात घेतला तो थेट उलटा करून. दोन्ही अंगठे मागच्या दाढांवर ठेवून दाबलं.  दाढ हलली नाही. त्याने नमुना नाकाजवळ नेला, जरा थांबला, माझ्याकडे बघितलं. चहाचा वास आला असणार. मग नमुना खाली ठेवून भाच्याचा उचलला. भाच्याच्या नमुन्याचे पुढचे दात एखाद्या नटाचे असावेत असे होते, मात्र मागे एका बाजूच्या दाढा एकमेकींना भेटतच नव्हत्या. मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मनसोक्त बघितला.

टेबल मला मिळालं. आता मी गुलाबी भुगा दुरून बघते.

घरी मात्र गोडीगुलाबी झाली असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. त्या दिवसानंतर सासरे माझ्याशी आधीपेक्षाही कमी बोलायला लागले. मी त्यांना असं बघितलं होतं, ही गोष्ट त्यांनी मला माफ केली नाही. आणि धाकट्याला माझ्या हातचा धपाटा बसताना ते गप्प बसले, हे मी त्यांना माफ केलं नव्हतं. कवळी पुन्हा तोंडात, पाठ पुन्हा ताठ. आता आत मेणही नव्हतं. जेवताना त्यांचा डोळा बारीक व्हायचा ते मला आता दिसत होतं, आणि आता न बघणं जमत नव्हतं. दोनदा म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. "मला काही झालेलं नाही," हे उत्तर दोनदा मिळालं.

मला आता लवकर उठायचं काही कारण नव्हतं. मी मजेत उशिरा उठत होते, विस्कटलेल्या केसांनी, आणि ते खुर्चीतून म्हणत होते, "लवकर निजे..."

मग एके दिवशी लॅबमधून मी दोन पत्र्याचे चमचे आणले, जबड्याचं माप घ्यायचे, आणि एका डबीत मापाची पावडर. माप डॉक्टरांनी घ्यायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण डॉक्टर काही आमच्या स्वयंपाकघरात पहाटे येणार नव्हता. गजर उशीखाली ठेवला.

ते दाराकडे पाठ करून कपावर वाकलेले होते. माझी चाहूल लागताच टॉवेल तोंडावर गेला. मी आत जाऊन चमचे टेबलावर ठेवले, वाडग्यात पाणी घेतलं, पावडर काढली. त्यांनी सगळं बघितलं. ते काय आहे ते त्यांना समजलं. टॉवेलाआडून म्हणाले, "उठलीच आहेस तर चहा टाक."

"चहा नंतर."

त्यांनी दाराकडे नजर टाकली. आत मुलं झोपली होती, नवरा घोरत होता. ते पुन्हा दाराकडे बघायला लागले.

मी उठले, दार लावून घेतलं, कडी घातली आणि परत येऊन त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"उठलाच आहात," मी म्हटलं, "तर तोंड उघडा."